झोपेचं कलम

सगळी कंपनी त्यांना दाजी म्हणायची, आणि याला कारण त्यांचा मेव्हणा.

झालं असं, की बायकोचा धाकटा भाऊ को-पायलट होऊन त्यांच्याच विमान कंपनीत लागला. उड्डाणाआधी वैमानिक ज्या खोलीत हवामानाचे कागद चाळत उभे असतात, त्या खोलीत तो पहिल्याच दिवशी या टोकाकडून त्या टोकाला ओरडला, "दाजी, माझी टोपी तुमच्याकडे आली का?" टोपी खरंच आली होती. खोलीत हशा पिकला, आणि तेव्हापासून मोठे कॅप्टन, केबिनमधल्या मुली, इंजिनाखाली वाकलेले मेकॅनिक, सगळ्यांचे ते दाजी झाले. बायकोला भाऊ एकच, पण दाजींना एका सकाळीत कंपनीभर मेव्हणे मिळाले. खऱ्या मेव्हण्याचं नावही मग मागे पडलं, त्याला सगळे मेव्हणाच म्हणायला लागले. फक्त त्याची ताई त्याला बाळ्या म्हणायची, तो चाळिशीला टेकला तरी.

बाळ्या त्यांच्याच घरात वाढला होता. दाजींचं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता. सासू-सासरे एकामागोमाग गेले आणि तो बहिणीकडे राहायला आला, तो थेट उडायला लागेपर्यंत. दाजींनी त्याला सायकल शिकवली, त्रिकोणमिती शिकवली, आणि विमानाची गोडीही त्यांनीच लावली.

स्वभावाने दाजी अबोल. प्रत्येक शब्दाला जकात भरावी लागते अशा बेताने बोलायचे. वैमानिकांच्या संघटनेच्या सभांना ते कधी जात नसत. गेलेच तर मागच्या खुर्चीवर बसून, हात वर करायचा तेव्हा करून, घरी येत. अशा माणसाने कंपनीशी करार करायला टेबलावर जाऊन बसावं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्याआधी एक सकाळ घडली होती.

नात्यातल्या दोघांना सहसा एका विमानात पाठवत नसत. त्या दिवशी माणूसच कमी होता म्हणून दाजी आणि मेव्हणा एकत्र उडाले. लागोपाठ तिसरी रात्र होती. परतीच्या वाटेवर समोर सूर्य उगवत होता, काचेतून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, विमान आपलं आपण चाललं होतं. दाजींनी डोळे उघडले ते कानात कुणीतरी बोलत होतं म्हणून. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातली बाई त्यांच्या विमानाला हाका मारत होती. तिच्या आवाजावरून कळत होतं, की ही पहिली हाक नव्हे. दाजींनी उजवीकडे पाहिलं. मेव्हण्याची हनुवटी छातीला टेकली होती.

किती वेळ दोघं झोपले होते, ते कधीच कळलं नाही. दाजींनी उत्तर दिलं, मेव्हण्याच्या दंडाला हात लावला, आणि पुढे सगळं नेहमीसारखं झालं. विमान उतरलं. लोकांनी वरच्या कप्प्यांतून बॅगा काढल्या. एका म्हाताऱ्याने दारात थांबून दाजींना सांगितलं, "छान उतरवलंत हो, कळलंसुद्धा नाही."

दोघांनी मिळून झाला प्रकार कंपनीला लिहून कळवला. उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, विश्रांतीचा वेळ वैमानिकांनी विश्रांतीसाठीच वापरावा ही विनंती. मेव्हणा वाचून म्हणाला, "म्हणजे आपण मुक्कामाच्या हॉटेलात फुगड्या घालत होतो, असं यांचं म्हणणं."

गोम वेगळीच होती. विमान उभं राहिलं की कंपनी विश्रांतीचं घड्याळ सुरू करायची. मग बसची वाट, हॉटेलच्या काउंटरवरची रांग, आंघोळ, जेवण, पुन्हा निघायची तयारी, हे सगळं विश्रांतीच्याच खात्यात. झोपेला उरायचं ते तळाचं.

जुना करार संपला तेव्हा संघटनेचे अध्यक्ष दाजींच्या घरी आले. हे अध्यक्ष म्हणजे आडदांड, मोठ्या आवाजाचे कॅप्टन. कॉकपिटमधून बोलले तर शेवटच्या रांगेला माइक लागायचा नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांना समितीत एक थंड डोक्याचा माणूस हवा होता. दाजी म्हणाले, "येतो. पण एका अटीवर. विश्रांती मोजायची ती खोलीचं दार लागल्यापासून. आणि लागोपाठ तिसरी रात्र नाही. हे कलम शेवटपर्यंत सोडायचं नाही."

"नाही सोडणार," अध्यक्ष म्हणाले. समितीत त्याला 'झोपेचं कलम' असं नाव पडलं.

वाटाघाटी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात चालायच्या. खोलीला खिडकी नव्हती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याच्या बाटल्या, आणि दुपारनंतर गार होत जाणारा चहा. समोर कंपनीचा वकील बसायचा. माणूस अत्यंत सभ्य. आल्या आल्या दाजींच्या गुडघ्याची चौकशी करायचा. प्रत्येक मागणीवर तो मान हलवून म्हणायचा, "तुमचा मुद्दा आम्हाला समजतो." दाजींना काही महिन्यांनी उमगलं, की या वाक्याचा अर्थ 'नाही' असा आहे.

नकटीच्या लग्नाला विघ्नं असावीत तशी त्या कराराला होती. कधी कंपनीचे तिमाहीचे आकडे यायचे होते, कधी इंधन महागलं होतं. गाडं जरा पुढे सरकलं, की कंपनीचा मुख्य बोलणारा बदलायचा. नवा साहेब यायचा, वही उघडायचा आणि हसून म्हणायचा, "मी नवीन आहे, मला जरा पहिल्यापासून समजावून सांगा." अध्यक्षांच्या मानेची शीर तटतटायची. दाजी मात्र पहिल्यापासून समजावून सांगायचे. बस, काउंटर, आंघोळ, जेवण, दार. तो साहेब मनापासून ऐकायचा, आणि त्याला पुरतं समजेपर्यंत त्याचीही बदली व्हायची.

बाहेर वैमानिकांचा धीर सुटत चालला होता. जुन्या अटींवर, जुन्या पगारावर वर्षामागून वर्ष जात होतं. तरुण पोरं कंटाळून दुसऱ्या कंपन्यांत निघून जात होती, आणि गेलेल्यांचं काम राहिलेल्यांच्या अंगावर पडत होतं. सुटीच्या दिवशी फोन वाजला की बायकामुलं आधीच चेहरे पाडून बसायची. को-पायलटांची कॅप्टनपदाची बढती तर कराराच्या शेपटालाच बांधलेली. नवा करार नाही तोवर नव्या बढत्या नाहीत. मेव्हण्याचे कानाजवळचे केस पिकले, तरी तो को-पायलटच्या, उजवीकडच्या खुर्चीतच होता. त्याच्या मागून शिकलेली मुलं दुसरीकडे जाऊन कॅप्टन झाली.

एकदा सगळे गणवेशात, हातात फलक धरून टर्मिनलच्या बाहेर उभे राहिले. घोषणा द्यायच्या नाहीत, नुसतं उभं राहायचं, असं ठरलं होतं. दाजी आणि मेव्हणा शेजारी शेजारी होते. प्रवासी ट्रॉल्या ढकलत समोरून जात होते. एका बाईने दाजींना विचारलं, "टॅक्सी कुठे मिळते हो?" दाजींनी फलक खाली टेकवून हाताने दाखवलं. मागून एक गृहस्थ बोलत गेला, "एवढे पगार घेतात, तरी रस्त्यावर." मेव्हणा पुढे सरसावला, तशी दाजींनी त्याची बाही धरली.

"सोड," ते म्हणाले. "त्याला घरी पोचायचंय."

"आपल्यालाही घरीच जायचंय की, दाजी."

ते दोघांचं एका बाजूला उभं राहणं शेवटचं ठरलं.

खोलीतली चर्चा बाहेर न्यायची नाही, असं दोन्ही बाजूंनी लिहून दिलं होतं. समितीतले बाकीचे लोक हा नियम जरा सैल पाळायचे, खाजगीत काहीबाही सांगून लोकांना चुचकारायचे. दाजींनी तो अक्षरशः पाळला. वैमानिकांच्या बसमध्ये ते चढले की बोलणी थांबायला लागली. कॉकपिटमध्ये शेजारचा को-पायलट कामापुरतं बोलायचा आणि मग हळूच विचारायचा, "दाजी, काही हललं का?" ते म्हणायचे, "चाललंय." काही दिवसांनी पोरांनी त्यांची नक्कलच बसवली. कुणी विचारलं विमान का थांबलंय, की दुसरा खालमानेने म्हणायचा, "चाललंय."

घरीही तेच. एका रविवारी मेव्हणा बायकोला घेऊन जेवायला आला, तेव्हा ताट अर्धं टाकून त्याने विचारलं, "दाजी, बाकी काही नको. बढत्या उघडणार की नाही, एवढंच सांगा. नसतील तर मी दुसरीकडे बघतो. माझंही वय चाललंय."

"चाललंय बोलणं."

"ते मला माहीत आहे. बोलण्यात काय चाललंय?"

दाजींनी भात कालवायला घेतला. ताईला राहवेना. "अहो, घरच्या माणसाला तरी सांगा."

"घरच्या माणसालाच सांगता येत नाही," दाजी म्हणाले.

मेव्हण्याने हात धुतले. त्याची बायको बिचारी ताटावरून उठावं की बसावं या पेचात तशीच राहिली.

शेवटी एका दुपारी कंपनीच्या वकिलाने लॅपटॉप मिटला आणि सांगितलं, झोपेचं कलम द्यायला आम्ही तयार आहोत. पूर्ण, शब्दाला शब्द. दाजींना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वकिलाने दुसरा हात दाखवला. बढत्या उघडतील, पण थोड्या थोड्या, काही वर्षांत वाटून. पगाराची वाढही मागितली होती त्याच्या बरीच खाली.

बाहेरच्या बोळात समितीचं खलबत झालं. अध्यक्ष म्हणाले, "लोक आपल्याला फाडून खातील."

"कलम मिळतंय," दाजी म्हणाले. "आज नाही म्हटलं तर ते टेबलावरून उचलतील. आणि पुन्हा ठेवणार नाहीत."

एरवी दाजी कुणाला आग्रह करत नसत. त्या दिवशी त्यांनी केला, आणि त्यांच्याच शब्दावर समितीने मसुदा घेतला. आता तो सगळ्या वैमानिकांपुढे मताला टाकायचा होता.

सभेला सभागृह पुरलं नाही, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. अध्यक्षांनी मसुदा वाचला. बढत्यांच्या ओळीला कुजबुज सुरू झाली, पगाराच्या ओळीला ती वाढली. मग मधल्या रांगेतून एक हात वर आला. मेव्हणा.

तो माइकपाशी गेला. "मी दाजींच्या घरात लहानाचा मोठा झालो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी बोललो नसतो तर बरं दिसलं असतं. पण या कागदात आम्हाला काय मिळालं? झोप. अहो, इतकी वर्षं आम्ही झोपलेलोच आहोत. आम्हाला उठायचंय."

टाळ्यांनी छत दणाणलं. त्या टाळ्यांनी तो चढला. "दाजी कॅप्टन आहेत. थोडी वर्षं राहिली, त्यांना आराम हवा, हे मी समजू शकतो. पण त्यांच्या आरामासाठी आमची उमेदीची वर्षं का द्यायची? खिडकी नसलेल्या खोलीत फार दिवस बसलं, की समोरच्याचा चहासुद्धा गोड लागायला लागतो."

लोक हसले. मंचावर दाजी हात मांडीवर ठेवून बसले होते. अध्यक्षांनी माइक त्यांच्याकडे सरकवला. त्या सकाळची गोष्ट सांगितली असती, तर सभागृह कदाचित गप्प झालं असतं. पण ती गोष्ट दोघांची होती, आणि दुसरा तिथेच माइकपाशी उभा होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मेव्हण्याने नजर कागदावर ठेवली.

दाजी म्हणाले, "कलम नीट वाचा. हे पुन्हा मिळणार नाही." एवढंच बोलून त्यांनी माइक परत दिला.

मसुदा पडला, आणि थोडक्यात नव्हे, सपाटून पडला. दाजींनी समिती सोडली. रिकाम्या जागेवर लोकांनी ज्याला निवडून दिलं, तो मेव्हणा होता.

मेव्हण्याचं घरी येणं बंद झालं. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. ताई फोन करायची. तो उचलायचा, बरं आहे म्हणायचा, आणि पाच मिनिटांत त्याला कुठलं तरी काम निघायचं. ताईला आई नाही, बाप नाही. माहेर म्हणून बोट दाखवायला तो एकच माणूस. एका संध्याकाळी गॅलरीतले कपडे काढता काढता ती म्हणाली, "तुमच्या त्या करारापायी माझं माहेर गेलं."

दाजींनी तिच्या हातातली चादर धरली. दोघांनी मिळून तिची घडी केली.

एकदा पुन्हा माणूस कमी पडला आणि रोस्टरने दोघांना एका विमानात टाकलं. कॉकपिटमध्ये कामाच्या यादीतलं वाक्य एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, एवढंच बोलणं झालं. तेही अगदी बिनचूक. दोघांनी एकमेकांना परक्यासारखं 'आपण' म्हटलं नाही इतकंच. उतरल्यावर दाजींनी विचारलं, "काही हललं का?" मेव्हणा बॅगेची चेन लावत म्हणाला, "चाललंय." म्हणून झाल्यावर काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो ओशाळा झाला, पण थांबला नाही.

पुढे आणखी दोन साहेब बदलले, सरकारने एक मध्यस्थ नेमला, तो आजारी पडला, दुसरा आला. अध्यक्ष निवृत्त झाले. मेव्हण्याचं डोकं पुरतं पांढरं झालं. आता तोही बसमध्ये चढला की बोलणी थांबायची. ज्यांनी त्याला टाळ्या दिल्या होत्या, तेच म्हणत होते, हाही चहा प्यायला बसला.

आणि मग एके दिवशी करार झाला. मोबाइल खणखणले, बसमध्ये लोकांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. बढत्या एकदम उघडल्या होत्या. पगारही बऱ्यापैकी वाढला होता. दाजींनी कराराची प्रत घेतली आणि विश्रांतीचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं, या विषयाचा अभ्यास दोन्ही बाजूंची संयुक्त समिती यथावकाश करील.

त्या आठवड्यात मेव्हणा घरी आला. किती काळाने दारात उभा होता. ताईने त्याला आत ओढलं, चेहरा पाहिला, "केवढा वाळलास रे बाळ्या," म्हणाली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. खोलीत दोघं उरले.

"कॅप्टन होतोय पुढच्या महिन्यात," मेव्हणा म्हणाला.

"कळलं. चांगलं झालं." दाजींनी ते मनापासून म्हटलं.

"दाजी, ते कलम मी शेवटपर्यंत धरलं होतं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, हे किंवा बढत्या. दोन्ही नाही. बाहेर सगळे डोळे लावून बसलेले." तो थांबला. "मी सोडलं."

दाजींनी मान हलवली.

"तुम्ही त्या सभेत ती सकाळ का नाही सांगितली? सांगितली असती तर मला खाली बसावं लागलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितली."

ताई चहा घेऊन आली. तिला या गोष्टीतलं अर्धंच ठाऊक होतं, तरी तिने नेमकं तेच विचारलं, "मग ते झोपेचं काय केलंत रे?"

"ते पुढच्या करारात, ताई."

पुढच्या करारापर्यंत दाजी नोकरीत असणार नव्हते. हे तिघांनाही समजलं, आणि तिघांनीही चहा घेतला. मेव्हणा पुन्हा येत राहिला, सणावाराला नाही तरी अधूनमधून. गप्पा व्हायच्या त्या घरदुरुस्तीच्या, दुखण्याखुपण्याच्या. विमानाचा विषय दोघंही टाळायचे. पूर्वी त्याच विषयावर जेवणं गार होत असत.

दाजींच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती. वैमानिकांत ज्याची नोकरी जुनी, त्याला हव्या त्या ड्यूट्या आधी मागता येतात. वरच्याने नको म्हटलेलं खालच्याच्या ताटात पडतं. दाजींनी हा हक्क कधी वापरला नव्हता. रात्रीच्या उड्डाणांचं गाऱ्हाणं टेबलावर मांडायचं, आणि स्वतः त्यातून निसटायचं, हे त्यांना शोभणारं वाटत नव्हतं. आता टेबल उरलं नव्हतं. गुडघा दुखत होता, रक्तदाब वाढला होता, डॉक्टरने बजावलं होतं. ताई म्हणाली, "आता तरी स्वतःचं बघा." एका दुपारी त्यांनी संगणकावर दिवसाच्या ड्यूट्या मागितल्या. लगेच मिळाल्या.

त्यांनी सोडलेल्या रात्री कुणाच्या वाट्याला जात होत्या, ते यादी उघडली असती तर दिसलं असतं. त्यांनी ती उघडली नाही. पहाटे कामावर जाताना, रात्रीची उड्डाणं संपवून आलेल्यांची बस त्यांना विमानतळाच्या फाटकाशी समोरून भेटायची. काचांना डोकी टेकलेली असायची. त्यात नवी, ओळखीची नसलेली पोरं-पोरीच जास्त. कुणी जागं असलं तर हात करायचं, दाजीही हात करायचे.

"आता झोप लागते ना नीट?" ताई विचारायची.

"लागते," दाजी म्हणायचे. आणि खरंच लागायची, पडल्या पडल्या. तेच त्यांना आवडत नसे.